दुसऱ्या फरकाचं सूत्र पोरांकडून पाठ करून घ्यावं का?

ओसरीवरचा मास्तर
संध्याकाळी गावातली दहावीची पोरं गणित घेऊन ओसरीवर येतात. काल एकीला ५, १२, २३, ३८, ५७ दिलं आणि एनवं पद, म्हणजे एन नंबरच्या जागचा आकडा, काढ म्हटलं. तिनं फटाफट लिहिलं, फरक ७, ११, १५, १९, त्या फरकांचा फरक म्हणजे दुसरा फरक ४, पद एएन² + बीएन + सी धरलं तर ए त्याच्या अर्धा, म्हणून ए २, मग ३ए + बी = ७ म्हणून बी १, ए + बी + सी = ५ म्हणून सी २. उत्तर २एन² + एन + २, एकदम बरोबर. म्हटलं बाई, चारचं अर्धं काऊन केलं? गप्प. ३ए कुठून आला? तेही नाही. मले तर वाटते हे पाठ करून घेणं बंदच केलं पाहिजे.

दारव्ह्याचा क्लासवाला
नाही पटलं सर. सुट्टीत दिवसभर कापूस वेचून आलेलं पोरगं तीन ओळीत उत्तर काढते, ते त्याच्या हातून काऊन काढून घेता? पाढे पाठ करतोच न आपण, सतरा चोक अडुसष्ट काऊन होते असं कोनी विचारते का?

वरूडची ताई
भाऊ, पाढा विसरला तर सतरा चारदा मांडून बेरीज करता येते, हे सूत्र विसरलं तर पोरगं काय मांडणार? माझी भाची ३ए च्या जागी २ए लिहून आली, बी ३ काढला, सी ० काढला, आणि दुसरं पद टाकून पाहिलं असतं तर १२ च्या जागी १४ दिसले असते, पण पाहायची सवयच नाही. त्यापेक्षा वजा करायला शिकवा. २एन² म्हणजे २, ८, १८, ३२, ५०. वरच्या ओळीतून काढा, उरते ३, ४, ५, ६, ७. एन + २. झालं.

दारव्ह्याचा क्लासवाला
वजाबाकीचं ठीक आहे ताई, पण त्यात पण अर्धं करावंच लागते, ते तर पाठच झालं न?

ओसरीवरचा मास्तर
नाही, ते दिसते. तुरीचे दाणे घ्या, ३ बाय ३ चा चौकोन मांडा. ४ बाय ४ करायला एका बाजूनं ३, दुसऱ्या बाजूनं ३ आणि कोपऱ्यात १, म्हणजे ७ लागतात. त्याच्या आधी ५ लागले होते, पुढच्याला ९ लागतील. दर वेळी २ जास्त. एका वर्गामागं दुसरा फरक २, मग ४ आला तर दोन वर्ग, म्हणजे २एन². आणि ३ए कुठून? ए + बी + सी पहिलं पद, ४ए + २बी + सी दुसरं, वजा करा, ३ए + बी. एकदा हातानं केलं की विसरत नाही.

दारव्ह्याचा क्लासवाला
दाणे उद्याच्या बॅचला मांडून पाहतो. सूत्र मात्र फळ्यावर राहीन, ते नाही पुसत.

वरूडची ताई
राहू द्या, पण तीनच पदं देऊन प्रश्न नका काढू. कोणतीही तीन पदं घ्या, या सूत्रात बसतातच. चौथं पद पाहिल्याशिवाय दुसरा फरक सारखा आहे हे कसं कळणार पोराले?