गदंकी आणि माउंट अबू येथील लिडार-तापमानांची तुलना

प्रश्न
तिरुपतीजवळील गदंकी (१३.५° उत्तर) हे उष्णकटिबंधीय, तर माउंट अबूचे गुरुशिखर (सुमारे २४.५° उत्तर) हे उपोष्ण कटिबंधीय ठिकाण. दोन्हीकडील रॅले लिडारच्या (लेसरचा प्रकाश आकाशात सोडून परत येणारा प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींवरून ३० ते ८० किमी उंचीवरील तापमानांची तुलना मी एम.एस्सी. प्रकल्पासाठी करीत आहे. ४८ किमीच्या आसपास, स्थितांबराच्या वरच्या सीमेपाशी, वार्षिक सरासऱ्या बऱ्यापैकी जुळतात. ७० किमीच्या वर मात्र तफावत वाढते. ती अक्षांशामुळे आहे असे लिहावे का?

उत्तर १
एवढ्यावरून लिहू नये. लिडार तापमान थेट मोजत नाही. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर-स्पंद हवेच्या रेणूंवरून विखुरतो, परत आलेल्या फोटॉनांवरून सापेक्ष घनता मिळते आणि वरच्या हवेचे वजन खालच्या दाबाने तोललेले आहे असे धरून आपण वरून खाली गणित करत तापमान काढतो. ८० किमीवरील घनता ३० किमीच्या साधारण हजारावा हिस्सा असते; त्यात अंतराच्या वर्गाचा परिणाम मिळवला, तर परतणारा प्रकाश सुमारे सात हजार पटींनी क्षीण होतो. शिवाय माथ्यावरचे, म्हणजे नोंदीतील सर्वांत वरच्या उंचीचे, पहिले तापमान वातावरणाच्या प्रतिमानातून घ्यावे लागते. ते १५ केल्विनने चुकले, तर १५ किमी खाली ती चूक जेमतेम २ केल्विन उरते. पण आपली तफावत नेमकी माथ्याजवळच आहे. सुरुवातीचे तापमान १५ केल्विनने वरखाली करून दोन्ही ठिकाणांचे गणित पुन्हा करावे आणि त्यानंतरही टिकेल तेवढाच फरक खरा मानावा.

उत्तर २
मला वार्षिक सरासरीचीच अधिक काळजी वाटते. लिडार निरभ्र रात्रीच चालतो, त्यामुळे पावसाळ्यातील नोंदी तुरळक असतात आणि दोन्हीकडच्या सरासरीत वेगवेगळे महिने मोजले जातात. उष्णकटिबंधात अर्धवार्षिक आंदोलन (दर सहा महिन्यांनी होणारा तापमानाचा चढउतार) ठळक असून स्थितांबराच्या वरच्या सीमेपाशी विषुवदिनांच्या सुमारास तापमान चढते. उत्तरेकडे जावे तसे वार्षिक आंदोलनाचे प्राबल्य वाढते. ही लयच खरी अक्षांशाची खूण आहे आणि सरासरीत नेमकी तीच पुसली जाते. म्हणून महिनावार तुलना करावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काही रात्री ७० किमीच्या वर तापमान घटण्याऐवजी वाढलेले दिसते. त्या रात्री वगळाव्यात का?

उत्तर १
वगळू नयेत. मध्यांबरातील (स्थितांबराच्या वरच्या थरातील) असे तापमान-व्युत्क्रम खरोखर घडतात व दोन्ही ठिकाणी आढळतात. त्या रात्रींची सरासरी वेगळी काढावी. साबेर उपग्रह-उपकरणाच्या २००२ पासूनच्या नोंदींशीही ताडून पाहावे, मात्र रात्रीच्याच फेऱ्या निवडाव्यात, अन्यथा वातावरणीय भरती-ओहोटीचा दैनिक चढउतार तुलनेत मिसळेल.