मदत हवी आहे : जुन्या डेस्कटॉपला कोणतं लॅन कार्ड टाकू?

मंडळी, इंदूरमधल्या जाणकारांनी जरा सांगा. रामबागेत वर आमचं घर, खाली अकाउंटिंगचं छोटं ऑफिस. फायबर ३०० एमबीपीएसचं आहे, पण खालच्या मशीनवर स्पीड ९४-९५च्या पुढे सरकत नाही. विंडोजमध्ये लिंक १०० एमबीपीएसचीच दिसते. केबल कॅट ५ई आहे, आठही तारा टेस्टरवर ठीक आल्या. सगळ्या मशीन वायरने जोडणाऱ्या स्विचच्या पोटाशी मात्र बारीक अक्षरात १०/१०० छापलंय, म्हणजे तो १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही, बदलावा लागणारच.

प्रश्न लॅन कार्डांचा, म्हणजे नेटची वायर जोडायच्या कार्डांचा. दोन डेस्कटॉपना ऑनबोर्ड (मदरबोर्डवरचं) लॅनही १००चंच, कार्ड बसवायचा पीसीआय-ई एक्स१ स्लॉट रिकामा. रिअलटेक चिपचं साधं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) कार्ड पुरेल ना? दुकानदार अडीच गिगाबिटचं गळ्यात मारतोय. स्विच गिगाबिटचा असेल तर त्याचा उपयोग काय, मला तरी कळेना.

एका मशीनला फक्त जुना पीसीआय स्लॉट आहे. तिथे यूएसबी ३.० पोर्टही नाही, जुनं यूएसबी हळू, त्यामुळे यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर लावूनही गिगाबिट मिळणार नाही. पीसीआय कार्ड शोधू की मशीनच बदलू? भाचा म्हणतो वायफाय डोंगल लाव. पण टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर आहे, एंट्री करताना कनेक्शन तुटलं की वैताग, त्यामुळे वायरच हवी.

रविवारी सिल्व्हर मॉलला जातोय, त्याआधी सांगाल तर बरं. पाच पोर्टचा स्विच घेऊ की आठचा, तेही सांगा.