संथ श्वास घेतला की एचआरव्ही वाढते. म्हणजे ताण खरोखर कमी झाला असे समजावे का?

प्रश्न

माझ्या मनगटावरचे घड्याळ एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतरात होणारे बदल, मोजते आणि त्यावरून ताणाचा अंदाज देते. कामावरून आल्यावर हा आकडा ३० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. पण पाच मिनिटे अगदी संथ श्वसन केले की तो जवळजवळ दुप्पट होतो आणि घड्याळ ‘ताण कमी’ असे दाखवते. मनातली धाकधूक मात्र तेवढी ओसरलेली नसते. मग हे यंत्र माझा ताण मोजते आहे की केवळ माझा श्वास?

प्रतिसाद १

बऱ्याच अंशी श्वास. आपण श्वास घेतो तेव्हा ठोके किंचित जलद होतात आणि सोडतो तेव्हा मंदावतात. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हे १८४७ मध्येच नोंदवले होते. हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा प्रभाव श्वास घेताना ओसरतो आणि सोडताना परततो. श्वास संथ व खोल असेल, तर या चढउताराला पूर्ण वाव मिळतो. त्यातही मिनिटाला सुमारे सहा श्वास ही गती विशेष आहे, कारण रक्तदाब सावरणारी आपली प्रतिक्षिप्त क्रियाही साधारण दहा सेकंदांच्या आवर्तनाने चालते. दोन्ही लाटा जुळून आल्या की ठोक्यांतील फरक कमालीचा वाढतो. त्यासाठी मन शांत झालेलेच असावे लागते, असे नाही.

प्रतिसाद २

वरील खुलासा योग्य आहे, पण आकडा कोणत्या सूत्राने काढला आहे, यावरही बरेच अवलंबून असते. युरोप आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९६ मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत ठोक्यांतील चढउतार सेकंदाला किती वेळा होतात (हर्ट्झ) यावरून ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा उच्च आणि ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा निम्न वारंवारतेचा पट्टा मानला आहे. श्वासाची गती मिनिटाला नऊच्या खाली गेली, की श्वासामुळे उठणारी लाट उच्च पट्ट्यातून निम्न पट्ट्यात सरकते. निम्न पट्ट्याचे उच्च पट्ट्याशी असलेले गुणोत्तर वाढले म्हणजे ताण वाढला, असे मानणारी जुनी पद्धत वापरली, तर शांतपणे प्राणायाम करणारा माणूसच तणावग्रस्त ठरतो. लागोपाठच्या अंतरांतील फरकांवर आधारलेले आरएमएसएसडी हे माप मात्र त्याच वेळी सहसा वाढलेले दिसते. एकाच श्वसनाचे असे दोन परस्परविरोधी अर्थ निघत असताना, सूत्र आणि श्वासाची गती या दोन्ही गोष्टी न सांगता थेट ‘ताण’ असे लेबल लावणे मला तरी बेजबाबदारपणाचे वाटते.

प्रश्नकर्ता

म्हणजे संथ श्वसनाचा लाभ हा निव्वळ आभास समजायचा का?

प्रतिसाद ३

तसे मुळीच नाही. ल्युचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र, या दोहोंच्या पठणाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील होते, असे दिसले होते. शरीरावर परिणाम होतो, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की श्वसन चालू असतानाचा आकडा विश्रांतीच्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. सकाळी उठल्यावर, चहाकॉफीपूर्वी, रोज एकाच स्थितीत बसून आणि श्वासाला मुद्दाम वळण न देता नोंद घ्यावी. तिची तुलना इतरांशी न करता आपल्याच मागील काही आठवड्यांच्या नोंदींशी करावी. अपुरी झोप, आदल्या रात्रीचे मद्य किंवा येऊ घातलेला ताप यांनीही आकडा खाली येतो, त्यामुळे एका दिवसाच्या घसरणीला फारसे महत्त्व देऊ नये. ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आहे किंवा ज्यांच्या हृदयात वारंवार जादा ठोके पडतात, त्यांनी मात्र मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, कारण तेथे तो हृदयाच्या अनियमित लयीमुळे फुगलेला असू शकतो.