शाल-श्रीफळ की वजनकाटा?

यवतमाळकर: आमच्या चर्चची एक पोरगी, वय 24. कापूस वेचणाऱ्या बायांचा बचत गट चालवते. दोघींची गहाण पडलेली डोरली सोडवून आणली. नोव्हेंबरात 'गरिबांचा जागतिक दिवस' (पोप फ्रान्सिस यांनी 2017 पासून सुरू केलेला), तेव्हा सत्कार करावा म्हणतो. ती म्हणते, "काका, शाल नका देऊ, काटा द्या." काय करू?

वऱ्हाडीताई: काटाच द्या भाऊ! वेचणीचे पैसे किलोवर भेटतात, अन् मालकाचा काटा मालकाचंच ऐकते.

निवृत्त_गुरुजी: पॅरिसात 1833 साली गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली, तेव्हा तिचा एक संस्थापक ओझानाम जेमतेम 20 वर्षांचा होता. तेवढं सांगा. भाषण मात्र आवरतं घ्या, बायांना वेचणीला जायचं असते.

यवतमाळकर: काटा ठरला. फादर म्हणतात, शाल वेदीवर अंथरू.