गाडी घेताना इंजिन बघायचं की सर्व्हिस सेंटर? आपापले अनुभव सांगा

धाकट्या भावाला पहिली मोटरसायकल घ्यायची आहे. आम्ही पाटणचे. त्याच्या मनात भरलेली गाडी खरंच सुरेख आहे. ऐंशीच्या वेगालाही हँडल थरथरत नाही. पण तिचं सर्व्हिस सेंटर थेट साताऱ्याला. दुसरी साधी, पण तिचं सामान गावातच मिळतं. तुम्ही काय केलंत? गाडी किती किलोमीटर चालली तेही लिहा.

पुणे
मी गाडीच्या प्रेमात पडून घेतली, आणि गाडीला आजही नावं ठेवणार नाही. अकरा हजार किलोमीटरवर पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांचं, ऑइल सील गेलं. तेल नळीवरून ओघळत ब्रेकच्या डिस्कपर्यंत यायला लागलं. सील म्हणजे लहान बांगडीएवढी रबरी कडी. तिच्यासाठी सहा आठवडे फोन करत होतो. उत्तर एकच, "पार्ट मागवलाय." तेवढे दिवस बसने ऑफिसला गेलो, हप्ता भरतच होतो.

धारणी, मेळघाट
मी आरोग्यसेविका आहे. 2012 ची स्प्लेंडर, एक लाख तीस हजार किलोमीटर झाले. घाटात पिकअप कमी पडतो, मान्य. पण एकदा हरिसालच्या पुढे क्लच वायर तुटली, तर पुढच्याच गावातल्या पोराने वीस मिनिटांत नवी घातली. हे मॉडेल 1994 पासून रस्त्यावर आहे, त्याच्यावर कितीतरी मेकॅनिकांचा हात बसलाय. संध्याकाळी रानातून परतताना मला हाच आधार वाटतो.

लातूर
माझं गॅरेज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं. आधी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा अडकला की बारीक तार घालायची, फुंकर मारायची, गाडी चालू. आता मीटरवर पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावल्याशिवाय नेमका बिघाड सापडत नाही, आणि तो स्कॅनर त्या गाडीला चालणारा हवा. त्यामुळे "कुठलाही मिस्त्री करील" या भरवशावर नवी गाडी घेऊ नका. शोरूममध्ये शिरण्याआधी सकाळी त्यांच्या वर्कशॉपच्या दारात अर्धा तास थांबा. गाडी न्यायला आलेल्यांना विचारा. स्पेअरच्या काउंटरवर क्लच प्लेट आणि ब्रेक लिव्हर आत्ता मिळेल का, ते विचारा. "मागवून देतो" म्हणाले तर काय ते समजा.

रत्नागिरी
माझं थोडं वेगळं आहे. बाबांची यामाहा आरएक्स 100 अजून पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. कंपनीने ती बनवणं 1996 मध्येच थांबवलं. पिस्टन-रिंगसाठी कोल्हापूर गाठावं लागलं, पण इतक्या वर्षांत असे हेलपाटे मोजकेच. मुळात गाडी चांगली असेल तर वर्कशॉपची पायरी कमी चढावी लागते, हेही धरा.

पाटणचे दादा, भाऊ रोज किती चालवणार आणि कोणत्या रस्त्याने, ते सांगा. रोज कोयनेकडे जाऊन-येऊन असेल, तर मी धारणीच्या ताईंच्या बाजूने.