घाट लागला की...

2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खंडाळ्याचा घाट कधी आला, कधी गेला, हे पोरांना कळेनासं झालं. त्याआधी पुण्याहून कुठेही निघा, बोर, कात्रज, खंबाटकी, वरंधा, काहीतरी ठरलेलंच. लहानपणी घरच्यांबरोबर केलेल्या अशा प्रवासांचे अनुभव लिहा. निसर्गवर्णन आवरतं घ्या, गाडीत काय घडलं ते येऊ द्या.

सुरुवात मीच करते. आमची पद्मिनी. मुंबईहून परतताना खोपोली सुटली की बाबा गप्प, नजर काट्यावर. शिंग्रोबापाशी आई नाणं टाकायची आणि इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची गोष्ट दर वेळी नव्याने सांगायची. गाडी तरी तापायचीच. चाकामागे दगड, बॉनेट वर. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं हे मला पाढ्यांच्या आधी पाठ! बऱ्याच वेळाने बाबा फडकं टाकून अर्धा आटा सोडायचे, फस्स करून वाफ निघायची, मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी. तोवर आमचा दशम्या-चटणीचा कार्यक्रम.

सहकारनगर : आमच्याकडे गाडी तापायची नाही, आम्हाला लागायची. भोरहून वरंध्याने महाडला, आजोळी. आवळासुपारी, हुंगायला लिंबू, पोटाशी वर्तमानपत्र, सगळे उपाय झाले तरी भाऊ चौथ्या वळणावर 'थांबवा!' आणि वाघजाईपाशी गरम भज्यांवर पहिला हात त्याचाच.

धनकवडी : गाडी होती म्हणून कौतुकं. आम्ही लाल डब्यातून पसरणी घाट चढलो. वाईला खिडकीवरून बहिणीशी मारामारी, पाचगणी येईपर्यंत दरी बघून दोघंही आईच्या मांडीवर.

कोथरूड : सगळ्यांना गोडच आठवतंय, जरा आमच्या आईला विचारा. कुंभार्लीत ऐन पावसाळ्यात धुकं, समोरचं काही दिसेना. बाबा चाकावर आणि ती खिडकीबाहेर मान काढून रस्त्याची कड सांगणार. "डावीकडे घ्या. अहो, डावीकडे!" पदर चिंब, आवाज बसलेला. चिपळूणला मामाकडे दोघंही आमच्यामार्फत बोलत होती : "बाबांना सांग, चहा झालाय." आता टोलवरून बाबा कुरकुरायला लागले की ती मागून म्हणते, "भरा मुकाट्याने."