पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टेबल दिसतं, पण क्वेरीला सापडत नाही

प्रश्न: ओआरएमने (कोडमधल्या ऑब्जेक्टची टेबलांशी सांगड घालणारी लायब्ररी) बनवलेल्या ‘कस्टमर’ टेबलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आहे. सिलेक्ट चालवलं की ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’ (म्हणजे असं टेबलच नाही) येतं. काय करावं?

उत्तर १: ओआरएमने टेबल बनवताना नाव दुहेरी अवतरणात दिलंय, म्हणून कॅपिटल तसंच राहिलं. अवतरण नसलं की पोस्टग्रेस नाव स्मॉल करूनच शोधतं (ओरॅकल हा दुसरा डेटाबेस उलट, कॅपिटल करतो). प्रत्येक क्वेरीत अवतरणं लावत बसू नका, नावच बदला: ‘ऑल्टर टेबल’, जुनं नाव अवतरणात, ‘रिनेम टू’, नवं नाव सगळं स्मॉल. कॉलमची नावंही तपासा, आणि ओआरएमचं मॅपिंग (कोणता क्लास कोणत्या टेबलाशी जोडलाय ते) बदलायला विसरू नका.

उत्तर २: एकेरी अवतरण नावाला चालत नाही, ती स्ट्रिंग होते.

प्रश्नकर्ता: ईमेल कॉलममध्ये एकच पत्ता कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने दोनदा येऊ नये, त्याचं काय?

उत्तर १: लोअर फंक्शनवर (ते अक्षरं स्मॉल करतं) युनिक इंडेक्स (दुबार नोंद रोखणारी, शोध वेगवान करणारी सूची) करा. शोधतानाही कॉलमला लोअर लावा, नाहीतर तो इंडेक्स वापरलाच जाणार नाही.